वाचकांचे प्रश्न : हेडलाइटच्या काचेआडचे पाणी

पावसाळा सुरू झाला की हेडलाइटच्या आत धरणाऱ्या बाष्पाविषयीची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. वरवर पाहता सर्वांची तक्रार एकच असली तरी कारणे निरनिराळी आहेत आणि त्यामुळे उपायही निरनिराळे आहेत.

प्रश्न : माझी मोटार घेऊन चारच महिने झाले आहेत. तिचे हेडलाइट एलईडीचे आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी गाडी बाहेर काढताना दोन्ही हेडलाइटच्या काचेवर आतून, खालच्या कोपऱ्यात, धुके धरलेले दिसते. मुंबईला जाऊन आल्यावर तर ते जास्तच जाणवते. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवले तेव्हा ‘हे नॉर्मल आहे, आपोआप जाईल’ एवढेच उत्तर मिळाले. नव्या गाडीत असे व्हावे हे पटत नाही. हेडलाइट बदलून मागावेत का?
— एक वाचिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण लिहिलेल्या वर्णनावरून सर्व्हिस सेंटरचे उत्तर बरोबर दिसते, त्यांनी ते नीट समजावून सांगितले नाही, एवढीच त्रुटी. हेडलाइट पूर्णपणे हवाबंद असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. दिवा लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते आणि विझला की ती आकसते, त्यामुळे पेटी हवाबंद ठेवली तर जोडांवर सतत ताण येऊन ते उकलतील. म्हणूनच प्रत्येक हेडलाइटच्या मागे हवा जाण्यायेण्यासाठी छोटी वाट ठेवलेली असते. जुन्या पद्धतीच्या दिव्यांत ती रबराच्या वाकड्या नळीच्या रूपात दिसते. नव्या दिव्यांत नाण्याएवढा पातळ पडदा चिकटवलेला असतो, जो पाण्याचे थेंब अडवतो पण वाफेला जाऊ देतो. पावसाळ्यातली दमट हवा याच वाटेने आत जाते, रात्री काच थंड झाली की तिच्यावर दव धरते आणि दिवसा काच तापली की ती वाफ त्याच वाटेने बाहेर पडते.

मुंबईहून आल्यावर धुके वाढते हे आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे कारणही सांगता येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. कसारा घाट उतरून आपण मुंबईला पोहोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब साधारण ७ टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि तेवढ्या प्रमाणात बाहेरची हवा हेडलाइटमध्ये ओढली जाते. त्यातच रस्त्यावरच्या पाण्याचा फवारा बसून ६० अंशांपर्यंत तापलेला दिवा अचानक २५ अंशांवर आला तर आतली हवा आणखी दहाव्या हिश्श्याने आकसते आणि तीही जागा बाहेरच्या हवेने भरून निघते. ही हवा कोकणातली असते; जुलै महिन्यात तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे दव धरू लागते तो बिंदू, २५ अंशांच्या आसपास असतो. परतीच्या वाटेवर घाट चढताना काही हवा बाहेर पडते, पण आत उरते ती कोकणचीच. नाशिकची पावसाळी रात्र या दवबिंदूहून दोन-तीन अंशांनी थंड असते आणि सकाळी आपल्याला काच धुरकट दिसते.

एलईडी हेडलाइटमध्ये हे अधिक दिसते, याचेही कारण आहे. हॅलोजन बल्बला दिलेल्या ५५ वॉटपैकी बहुतेक शक्ती उष्णता म्हणून बाहेर पडते आणि त्यातला मोठा भाग समोरच्या काचेवर जातो, त्यामुळे काच लवकर कोरडी होते. एलईडीची उष्णता मात्र दिव्याच्या मागच्या बाजूला बसवलेल्या धातूच्या पंख्यांसारख्या पात्यांतून निघून जाते आणि पुढची काच थंडच राहते. आपल्या गाडीचे धुके शेजाऱ्याच्या जुन्या गाडीपेक्षा जास्त वेळ टिकले, तर तेवढ्यावरून दोष ठरवू नये.

तरीही दोष आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येते, आणि ते पाहण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे आत किती पाणी आहे हे बघणे. दहा लिटर हवा मावणारा हेडलाइट धरला, तर २५ अंशांवर बाष्पाने पूर्ण भरलेल्या तेवढ्या हवेत जेमतेम पाव ग्रॅम पाणी असते. म्हणजे औषधाच्या ड्रॉपरचे चार-पाच थेंब. काचेवर श्वास सोडल्यासारखा पातळ थर दिसणे या हिशेबात बसते. थेंब एकमेकांत मिसळून ओघळत असतील, आतल्या रिफ्लेक्टरवर (उजेड पुढे फेकणाऱ्या चकचकीत भागावर) ओघळ सुकल्याच्या पांढुरक्या रेघा दिसत असतील किंवा तळाशी पाणी हलत असेल, तर ते हवेतले बाष्प नव्हे, ती गळती आहे. दुसरी खूण वेळेची. दिवे लावून गाडी अर्धा-पाऊण तास चालवल्यावर थर विरळ व्हायला लागला पाहिजे, आणि उघडीप मिळालेल्या दिवशी उन्हात तो पूर्ण गेला पाहिजे. तिसरी खूण दोन्ही बाजूंच्या तुलनेची : धुके दोन्हीकडे सारखे असेल तर ते हवामानाचे काम, आणि एकच बाजू ओली राहत असेल तर त्या बाजूला काहीतरी बिघडले आहे. आपल्याकडे ते दोन्ही बाजूंना आहे आणि खालच्या कोपऱ्यापुरतेच आहे, त्यामुळे तूर्त काळजीचे कारण नाही. मात्र पुढील सर्व्हिसिंगच्या वेळी ही तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्यावी आणि सकाळचे एखादे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे, कारण उद्या खरोखर पाणी साचू लागले तर वॉरंटीच्या मुदतीत तक्रार केल्याचा लेखी पुरावा आपल्याजवळ असेल.

प्रश्न : माझी हॅचबॅक नऊ वर्षे जुनी आहे. गेल्या दिवाळीत अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून हॅलोजनच्या जागी पांढरे एलईडी बल्ब बसवून घेतले. या पावसाळ्यात डाव्या हेडलाइटच्या तळाशी चमचाभर पाणी साचले आहे आणि गाडी वळवली की ते हलताना दिसते. मेकॅनिकने दोन उपाय सुचवले आहेत : खालून ड्रिलने बारीक भोक पाडून पाणी काढून टाकणे, आणि काचेभोवती सिलिकॉन मारून सगळ्या फटी बंद करणे. यांपैकी कोणता करावा?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : यांपैकी कोणताही लगेच करू नये. चमचाभर पाणी म्हणजे साधारण पाच ग्रॅम, वरच्या उत्तरातल्या हिशेबाच्या वीसपट. एवढे पाणी हवेतून येत नाही. ते कोठून तरी थेट आत शिरते आहे, आणि ती जागा सापडण्याआधी केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजपंचे ठरते.

आपल्या पत्रातच पहिला संशयित हजर आहे. हॅलोजन बल्बच्या मागे रबराचे गोल कव्हर असते, ते बल्बच्या पिनांवर आणि हेडलाइटच्या कडेवर घट्ट बसते. बाजारात मिळणाऱ्या एलईडी बल्बच्या मागे पंखा आणि उष्णता सोडणारी धातूची शेपटी असल्याने ते कव्हर पुन्हा बसत नाही. मग दुकानात ते ब्लेडने कापून बसवले जाते किंवा चक्क फेकून दिले जाते. बॉनेट उघडून दोन्ही हेडलाइटच्या मागे हात घालून पाहावे. बोटाला रबराची अखंड गोल कड लागली पाहिजे. कापलेली धार, फट किंवा थेट बल्बची मागची बाजूच हाताला लागली तर कारण सापडले असे समजावे. डावी बाजूच का, हा प्रश्न आपल्या मनात येईल. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने गाडी चालवतो, पावसाचे पाणी कडेलाच साचते आणि डाव्या चाकाने उडवलेला फवारा त्या बाजूच्या दिव्याला अधिक मिळतो, हे एक संभाव्य कारण आहे. पण उजव्या बाजूचे कव्हर शाबूत असेल तर फरक पडायला तेवढेही पुरेसे आहे.

कव्हर ठीक असेल तर दुसरी तपासणी हवेच्या वाटेची. रबरी नळी निखळून पडलेली असू शकते. तिचे तोंड खाली असावे लागते, पण बंपर काढघाल करताना ती उलटी बसली तर वरून ओघळणारे पाणी सरळ आत जाते. याउलट ती चिखलाने बुजलेलीही असते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी मातीचे घर केलेले सापडते. नळी काढून टोकाशी धरली की कोरड्या मातीची गुळगुळीत गोळी निघते आणि मागे पिवळसर गाळ राहतो. वाट अशी बंद झाली की आकसणारी हवा जोडाच्या सूक्ष्म फटींतून आत ओढली जाते आणि फटीवर पाणी असेल तर तेही बरोबर येते. शिवाय आलेली वाफ बाहेर पडायला मार्ग उरत नाही.

तिसरी तपासणी काच आणि मागची पेटी यांच्या जोडाची आहे, त्यासाठी हेडलाइट गाडीतून काढावा लागतो आणि अनेक गाड्यांत त्यासाठी बंपर सोडवावा लागतो. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे. बल्ब काढून मागची भोके चिकटपट्टीने बंद करावीत, जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावावे आणि हवेच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंकावे. फट असेल तेथे बुडबुडे उठतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर यासाठी मुळीच वापरू नये. त्याचा दाब शाबूत जोडही उकलू शकतो, आणि त्याच्या हवेतच पाणी आणि तेलाचा अंश असतो. पेटी गाडीला पकडून ठेवणाऱ्या पायांपैकी एखादा तडकलेला असेल तर तडा तेथून पेटीत गेला आहे का, हेही याच वेळी पाहावे.

दोष सापडल्यावर आधी दिवा पूर्ण कोरडा करावा आणि मगच तो बंद करावा. हा क्रम चुकला की पाणी आत कोंडले जाते आणि पुढची सहा महिने तोच त्रास राहतो. मागची भोके खाली करून पाणी निथळू द्यावे. ऊन असेल तर उन्हात ठेवावे; श्रावणात नाशिकला दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही, अशा वेळी एसी लावलेल्या खोलीत भोके उघडी ठेवून रात्रभर ठेवावे, कारण एसीची हवा कोरडी असते. केस वाळवण्याचा ड्रायर मंद ठेवून, हातभर अंतरावरून आणि दुसरे भोक उघडे ठेवून वापरता येतो. रंगकामाची हीट गन नको. पुढची काच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते आणि ती बरीच उष्णता सोसते, पण आतली चकचकीत पट्टी आणि रिफ्लेक्टर त्याआधीच वाकतात. आत कापड घालून पुसण्याचा मोह टाळावा. कारण चौथ्या उत्तरात दिले आहे.

आता सिलिकॉनविषयी. कारखान्यात हा जोड बहुधा ब्यूटाइल रबराच्या काळ्या, चिकट थराने भरलेला असतो. तो एखाद्या ठिकाणी सुटला असेल तर ब्यूटाइलची पट्टी तेथे दाबून बसवणे हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे. सिलिकॉनच वापरायचे असेल तर नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ असे छापलेले घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो अ‍ॅसेटिक आम्लाचा. ते आम्ल बंद पेटीत रिफ्लेक्टरवरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर खाते. सिलिकॉन सापडलेल्या फटीवरच लावावे आणि एक पूर्ण दिवस उघड्या हवेत वाळू द्यावे. संपूर्ण काचेभोवती सरसकट थापले तर खरी फट त्याखाली दडून राहते, आणि उद्या काच उघडायची वेळ आली की कोणताही कारागीर ते काम हातात घ्यायला तयार होत नाही.

ड्रिलच्या भोकाला माझा स्पष्ट विरोध आहे. त्यातून आजचे पाणी निघून जाईल हे खरे, पण अंबडच्या किंवा सातपूरच्या रस्त्यावरची धूळ आणि रात्रीचे किडे त्याच भोकाने आत येतील. भोक तळाशी असते, म्हणजे चाकाचा फवारा नेमका तेथेच बसतो.

बल्बबाबत एक सूचना न मागता करतो. हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर तारेच्या ठरावीक जागेभोवती आखलेला असतो; तेथे एलईडी बसवल्यावर प्रकाश पांढराशुभ्र दिसला तरी तो विखुरतो, आणि आत थेंब असतील तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अधिकच. मूळचे ६०/५५ वॉटचे बल्ब आणि नवे रबरी कव्हर बसवले तर बहुधा आपला पाण्याचा प्रश्न तेथेच सुटेल. हॅलोजनच्या काचेला बोट मात्र लावू नये.

प्रश्न : हेडलाइटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर ओलावा जातो, असे ऐकले. ते खरे आहे का? पुड्या बाहेरून दिसणार नाहीत अशा बेताने ठेवल्या तर चालतील का?
— एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर : चालणार नाहीत. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे बाष्प शोषते हे खरे आहे, पण ज्या डब्यातून हवा सतत ये-जा करते तेथे ते पावसाळ्यात लवकरच भरून जाते. त्यानंतर पुडी काहीही करत नाही. उलट दिवा तापला की धरलेला ओलावा परत सोडते. पुडी घसरून बल्बला टेकली तर तिचा कागद करपतो, आणि फाटली तर बारीक मणी रिफ्लेक्टरच्या कोपऱ्यात अडकून बसतात. दिवा काढून कोरडा करत असताना त्याच्यासोबत मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अशा पुड्या रात्रभर ठेवणे योग्य आहे. सकाळी त्या बाहेर काढाव्यात. पुड्यांऐवजी तांदूळ वापरण्याचाही उपयोग नाही. त्याची पूड मात्र आत जाते.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहोत. हंगामात पहाटे माल घेऊन निघावे लागते आणि थंडीत दाट धुके असते. दोन वर्षांपूर्वी पिकअपला धडक बसली तेव्हा उजव्या बाजूला लोकल बनावटीचा हेडलाइट बसवला. त्यात दर पावसाळ्यात पाणी शिरायचे, आम्ही ते वाळवून घ्यायचो. आता तो कोरडा आहे, तरी त्याचा उजेड डाव्याच्या निम्माही पडत नाही. काच बाहेरून पॉलिश करून घेतली, फरक पडला नाही. काच उघडून आतून साफ करता येईल का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : टॉर्च लावून बल्बच्या भोकातून आत पाहावे. रिफ्लेक्टर आरशासारखा चकचकीत दिसण्याऐवजी राखाडी, ढगाळ किंवा तपकिरी डागांचा दिसत असेल, तर पाण्याने व्हायचे ते नुकसान होऊन गेले आहे. रिफ्लेक्टरचा चकाकता भाग म्हणजे प्लॅस्टिकवर निर्वात जागेत चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो आणि तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. दर पावसाळ्यात ओला होऊन सुकताना तो एकेका ठिकाणी उडत जातो. कापडाने पुसायला गेल्यास उरलेला थरही कापडाला लागून येतो, त्यामुळे उघडून साफ करण्यात अर्थ नाही. चंदेरी स्प्रे मारून देणारेही भेटतात. त्या रंगाने आरशासारखे परावर्तन होत नाही आणि फोकस बिघडतो. पॉलिशचा उपयोग काच बाहेरून उन्हाने पिवळी पडली असेल तेव्हाच होतो.

काच उघडणे हेही वाटते तितके सोपे नाही. ब्यूटाइलचा जोड १०० अंशांच्या आसपास तापवला की मऊ होतो आणि काच सुटते, पण काही दिव्यांत पॉलियुरेथेनचा कडक जोड असतो; तो उष्णतेने सुटत नाही आणि ओढाओढीत काच तडकते. रिफ्लेक्टर चांगला असता तर हा खटाटोप करण्याजोगा होता. आपल्या बाबतीत हेडलाइट बदलावा असेच मी सुचवीन, आणि या वेळी गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल भाग घ्यावा. लोकल दिव्यांत हवेची वाट नीट ठेवलेली नसते आणि जोडही सलग भरलेला नसतो, असा अनुभव वारंवार येतो. किमतीतला फरक दोन पावसाळ्यांत वसूल होतो.

विम्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे नुकसान ही झीज समजली जाते आणि त्याचा दावा मंजूर होत नाही. अपघातात फुटलेल्या दिव्याचा होतो, पण साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि दावा केल्यामुळे नो-क्लेम बोनसही जातो. झिरो डेप (घसारा न कापणारे विम्याचे जादा संरक्षण) नसेल तर एका हेडलाइटसाठी दावा करण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा.

नवा दिवा बसवल्यावर फोकस जुळवून घेणे विसरू नये. सपाट जागी भिंतीसमोर २५ फुटांवर पिकअप उभी करून डिपर लावावा : दोन्ही बाजूंच्या उजेडाची वरची कड सारख्या उंचीवर आणि दिव्याच्या मध्यापेक्षा थोडी खाली यायला हवी. माल भरल्यावर मागचा भाग दबतो आणि उजेड वर जातो, म्हणून शक्य असल्यास नेहमीचा माल भरूनच हे पाहावे. धुक्यात वर गेलेला उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

प्रश्न : वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन आणली की संध्याकाळी हेडलाइटमध्ये थेंब दिसतात, पावसात मात्र दिसत नाहीत. गाडी तेथे धुवायची बंद करावी का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : धुणे बंद करण्याची गरज नाही, फवारा मारण्याची पद्धत बदलायला सांगावी. पाऊस वरून आणि समोरून पडतो, जोड त्या हिशेबाने बांधलेला असतो. प्रेशरची गन मात्र चार बोटांवरून थेट काचेच्या कडेवर किंवा बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागे धरली जाते. गन किमान दोन हात लांब धरावी, धार तिरकी ठेवावी आणि इंजिनाचा भाग धुताना दिव्यांच्या मागचा भाग सोडून द्यावा. दिवे लावून गाडी नुकतीच आली असेल तर ती थंड होईपर्यंत थांबायला सांगावे, कारण तापलेल्या दिव्यावर गार पाणी पडताच आतली हवा आकसून पाणी खेचले जाते. एवढे करूनही थेंब आले, तर बाधित बाजूचे रबरी कव्हर आधी तपासावे. त्याची किंमत फार नसते आणि ते बदलायला बहुतेक गाड्यांत बंपर काढावा लागत नाही.